फळा फिरतोय म्हणते, डोकं मात्र दरवेळी दुखत नाही

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी १० वर्षांची आहे, आम्ही इंदिरानगरला राहतो. गेल्या ५ महिन्यांत तिला ६ वेळा चक्कर आली, एकदा तर वर्गात बाक घट्ट धरून बसली आणि बाईंना म्हणाली फळा फिरतोय. पाऊण-एक तास चालतं, उलटी होते, लाइट बंद करा म्हणते, झोपून उठली की एकदम टकाटक. वर्षभरापासून अधूनमधून कपाळ ठणकतं, पण चक्कर येते तेव्हा दरवेळी दुखतंच असं नाही. डोळे तपासले, नंबर नाही. शेजारच्या काकू म्हणतात मानेचं असेल, सासूबाई दृष्ट काढतात. एमआरआय करून टाकू का? आणि दिवाळीत सप्तशृंगी गडावर न्यायचं की नाही? मला स्वतःला कॉलेजपासून अर्धशिशी आहे.

उत्तर: ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी तिथेच थांबले. आईला अर्धशिशी आणि पोरीला चक्कर, ही जोडी फार नेहमीची आहे. चक्कर आणि डोकेदुखी एकाच वेळी आली तरच मायग्रेन (म्हणजे अर्धशिशीच), असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नसतं. २०२१ मध्ये लहान मुलांच्या मायग्रेनच्या चक्करेसाठी वेगळे निकष ठरले, त्यात ५ मिनिटं ते ७२ तासांचे कमीत कमी ५ अटॅक, मायग्रेनची हिस्टरी, आणि निम्म्या अटॅकमध्ये तरी डोकेदुखी, उजेड-आवाज नकोसा होणं असं काहीतरी, एवढं लागतं. आणि दुसरं कुठलं कारण नाही ना, हेही बघावं लागतं. तुमचं वर्णन यात बरंच बसतंय, पण शिक्का तपासूनच मारायचा, पत्रावरून नाही.

तिला विचारा, खोली फिरते का डोळ्यापुढे अंधारी येते? दोन्हीला आपण चक्करच म्हणतो, पण अंधारी येऊन पडणं ही वेगळीच तपासणी. पुढचा अटॅक आला की डोळ्यांचा क्लोज व्हिडिओ काढा, बुबुळं हलतायत का ते दिसतं, आम्हाला शंभर प्रश्नांपेक्षा त्याचा उपयोग होतो. कानाची तपासणी एकदा करून घ्या. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. पण सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलट्या, झोपेतून जागं करणारी डोकेदुखी, अटॅक नसतानाही चालताना झोक जाणं, दोन दोन दिसणं, ऐकू कमी येणं, यातलं काही असेल तर थांबू नका. ताप आणि मान ताठ असेल तर त्याच रात्री हॉस्पिटल. मानेचा स्पॉन्डिलायटिस १० वर्षांच्या पोरीला कुठून येणार, काकूंना सांगा. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, फक्त त्या धुरात पोरीला बसवू नका.

आता डबा. रोज संध्याकाळी उघडून बघा, कारण माझ्याकडे येणाऱ्या पोरींचा डबा तसाच परत येतो, पोळीचा रोल सुकलेला, पाण्याची बाटली भरलेली (शाळेच्या टॉयलेटला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, हे कुणी सांगत नाही). सकाळी चहा-बिस्किटावर रिक्षात बसायचं, रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि रविवारी दहाला उठायचं, मायग्रेनला हेच आवडतं. झोपेची वेळ सुट्टीतही तीच ठेवा, या वयाला ९ तास तरी हवेत. वहीत तारीख, किती वेळ, आदल्या रात्री किती झोपली, काय खाल्लं, एवढं लिहा.

अटॅकला अंधारात झोपवा, डोकं दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन लवकर द्या, ॲस्पिरिन मुलांना नाही. घरातल्या मोठ्यांची चक्करेची गोळी अर्धी करून देऊ नका, त्यातल्या काही गोळ्यांनी पोरांची मान वाकडी होते, मी बघितलंय. अटॅक वारंवार येऊन शाळा बुडायला लागली तर रोजच्या औषधाचा विचार करतात, त्यातली काही झोप-भूक वाढवतात, प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या मुलांना चालत नाही, म्हणून ते डॉक्टरच ठरवतील.

गडावर न्या हो. या मुलांना गाडी लागते, म्हणून मागच्या सीटवर मधोमध, बेल्ट लावून, नजर समोर रस्त्यावर, मोबाइल बंद. उपाशी नको, तिखट मिसळ खाऊनही नको. घाट चढायच्या आधी नांदुरीला दहा मिनिटं खाली उतरवून फिरवा.