पहिल्या लिफाफ्यातच बाद

निविदेत अपात्र ठरलेल्या वाचकांची पाच पत्रे निवडली आहेत. बाकीच्यांनाही आपले उत्तर यातच सापडावे.

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या रस्त्याच्या कामात माझे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात नव्हते म्हणून तांत्रिक लिफाफ्यातच (पात्रतेच्या कागदपत्रांच्या पहिल्या लिफाफ्यात) बाद केले. मजकूर तोच होता. एवढ्याशा कारणावरून बाद करता येते? (कंत्राटदार, सांगली)

‘एवढेसे’ कशाला म्हणायचे हे आपल्या हातात नसते, गोम तिथेच आहे. वकील मंडळी अशा वेळी 1991 चा पोद्दार स्टीलचा निकाल पुढे करतात. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सने अनामत रक्कम रोख किंवा स्टेट बँकेवरच्या डीडीने मागितली होती. निविदाकाराने युनियन बँकेचा चेक दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ती त्रुटी किरकोळ मानली. ऐकायला छान वाटते. पण तिथे चूक खुद्द रेल्वेनेच पदरात घेतली होती, कोर्टात गेला होता तो प्रतिस्पर्धी. 2016 च्या सेंट्रल कोलफील्ड्स प्रकरणात बँक हमी वेगळ्याच नमुन्यात होती आणि कंपनीने ती नाकारली. उच्च न्यायालयाने निविदाकाराला दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. म्हणजे एकात सूट टिकली, दुसऱ्यात नकार टिकला, पण दोन्हीकडे टिकला तो कार्यालयाचाच निर्णय.

म्हणून ‘मजकूर तोच होता’ यावर भांडू नका. तीच चूक दुसऱ्या कोणाला माफ केली का, ते शोधा. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरचा तांत्रिक छाननीचा तपशील ओळीओळीने वाचा. एकाला सूट आणि तुम्हाला नाही असे दिसले, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 चा, म्हणजे समान वागणुकीचा मुद्दा तुमच्या हाती आला. मग त्याच दिवशी, दरांचा दुसरा लिफाफा उघडण्याआधी, कार्यकारी अभियंत्याला लेखी हरकत द्या, प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. आवक शिक्का घ्या, ईमेलही करा. साहेबांना भेटून ‘बघतो’ ऐकण्यात दोन दिवस आणि चार चहा घालवणारे मी खूप पाहिले. त्या चहाची नोंद कुठल्याच फाइलला लागत नाही.

प्रश्न: अनुभवाच्या अटीसाठी आमची जलवाहिन्यांची कामे ‘तत्सम काम’ धरली नाहीत. भुयारी गटारीची पाइपलाइन वेगळी कशी? (भागीदारी संस्था, अकोला)

तांत्रिकदृष्ट्या तुमचे बरोबर असेलही, पण नागपूर मेट्रोचे प्रकरण आठवा. एका संयुक्त कंपनीचा अनुभव चीनमधल्या आंतरशहरी वेगवान रेल्वेचा होता. तो मेट्रोच्या कामाचा नाही म्हणून नागपूर मेट्रोने त्यांना अपात्र केले. उच्च न्यायालयात ते जिंकले, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. ज्याने निविदा लिहिली त्यालाच तिच्या शब्दांचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, आणि तो अर्थ कोर्टाला पटला नाही तरी तेवढ्यावरून हस्तक्षेप होत नाही, असा तो निकाल. त्यामुळे ‘तत्सम’ म्हणजे काय हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारून शुद्धिपत्रक काढून घ्यायचे असते. निविदा भरल्यावर हा प्रश्न विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

प्रश्न: कार्यादेश निघून चार महिने झाले. आता याचिका करावी का? (कंत्राटदार, जळगाव)

माझे मत: नको. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेचा 1979 चा निकाल या क्षेत्रातला पाया मानला जातो. अनुभवाची अट स्वतःच घालून प्राधिकरणाने ती मोडली, हे चूकच, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तरीही याचिकाकर्त्याच्या पदरात काही पडले नाही, कारण तो पाच महिन्यांनी आला होता आणि तोवर ठेका मिळालेल्याने खर्च केला होता.

त्यात 2018 च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम 20-अ आणि 41(एचए) आले. रस्त्यांसारख्या पायाभूत कामांना अडथळा येईल असा मनाई हुकूम आता देता येत नाही. अशा कामांना स्थगिती देताना रिट याचिकेतही (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या) हे भान ठेवा, आणि काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईचा विचार करा, असे झारखंडमधल्या रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. चार महिन्यांत तुमच्या रस्त्यावर खडी पडलीही असेल.

प्रश्न: आम्ही बेळगावचे. आमच्याकडे अपील असते म्हणतात, ते खरे का? (पुरवठादार)

खरे आहे. कर्नाटकाच्या 1999 च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्यात कलम 16 आहे. निविदा स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. आदेश खुद्द सरकारचा असेल तर मात्र नाही. तमिळनाडू आणि राजस्थानातही असे कायदे आहेत. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. आपल्याकडे 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका, निविदेतल्या अटी आणि त्यानंतर थेट उच्च न्यायालय. केंद्राचे 2012 चे सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेबरोबरच बारगळले. केंद्रीय कार्यालयांत मात्र 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 173 दाखवा. निविदा नाकारल्याबद्दल दाद मागण्याची सोय निविदेतच ठेवा, असे तो सांगतो. शेजारच्या राज्याला जमले ते आपल्याला का जमू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

प्रश्न: हरकत घेतली तर काळ्या यादीत टाकतील का? (नाव-गाव नको)

हरकत घेणे हे त्याचे कारण होऊच शकत नाही. शिवाय कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणे ऐकल्याशिवाय कोणालाही काळ्या यादीत टाकता येत नाही. 1975 पासून सर्वोच्च न्यायालयाचे हेच म्हणणे आहे. बिले रखडवणे वगैरे प्रकार होतात, ते नाकारत नाही. म्हणून पत्रात ‘संगनमत’, ‘भ्रष्टाचार’ असले शब्द पुराव्याशिवाय घालू नका. अट क्रमांक, पान क्रमांक, तुमचे म्हणणे आणि मागणी, एवढेच लिहा. एका पानात बसते.