सात वर्षांची मुलगी जलरंगात मांजर रंगवते तेव्हा सगळे रंग मिसळून चिखल होतो. काय चुकतं?

पहिला थर पूर्ण वाळायच्या आत दुसरा रंग लावला जातो, बहुतेक वेळा एवढंच चुकतं. ओल्या कागदावर रंग पळतात, आणि नारिंगी-निळ्यासारखे विरोधी रंग एकमेकांत गेले की करडा-तपकिरी गाळ उरतो. मी लहान मुलांना चित्रकला शिकवते. वाट बघणं हाच त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड भाग असतो. म्हणून बोटाची मागची बाजू कागदाला हलकेच लावायला शिकवा: गार लागलं तर कागद अजून ओला आहे. तोवर तिला ओल्या भागापासून दूरची पार्श्वभूमी किंवा दुसरं मांजर काढू दे.

क्रम असा ठेवा:
- डोकं गोल, अंग लांबट गोल, पेन्सिल अगदी फिकट. रंगाखाली गेलेली रेघ नंतर नीट खोडता येत नाही.
- मिशा आणि डोळ्यातली चमक पांढऱ्या मेणखडूने आधीच. तिथे रंग धरत नाही, आणि रंगाचं पाणी फिरवल्यावर मिशा उमटताना पाहून मुलं अक्षरशः उड्या मारतात!
- आधी सगळ्यात फिकट रंग. पट्टे आणि डोळ्यांच्या बाहुल्या शेवटी.

पाण्याची भांडी दोन हवीत, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं. कागद शक्यतो ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम, जाडसर) घ्या. वहीचा पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो.

मात्र मऊ केसाळ कडा हवी असेल तिथे मुद्दाम ओल्यावरच रंग सोडायचा, फक्त त्याच रंगाची गडद छटा घेऊन.