नियमांना ‘हरताळ’ का फासतात?

प्रश्न असा आहे: ‘व्यापाऱ्यांनी हरताळ पाळला’ आणि ‘नियमांना हरताळ फासला’ या दोन वाक्यांतला हरताळ एकच का? दुकाने बंद ठेवण्याचा आणि नियम मोडण्याचा संबंध काय?

संबंध काहीच नाही. हे दोन वेगळे शब्द असून मराठीत त्यांचे रूप एकसारखे झाले आहे. बंदचा हरताळ गुजराती-हिंदीतल्या ‘हडताल’चा भाऊ. ‘हट्ट’ म्हणजे बाजार, दुकान आणि त्याला ताळे, अशी त्याची फोड करतात. रौलट कायद्याविरुद्ध 6 एप्रिल 1919 रोजी देशभर पाळला गेला तो हा हरताळ. फासायचा हरताळ मात्र एक खनिज आहे. संस्कृतात हरिताल, इंग्रजीत ऑर्पिमेंट, रसायनाच्या भाषेत आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. रंग लखलखीत पिवळा. वैद्यकात त्याचे पत्री हरताळ आणि पिंड हरताळ असे दोन प्रकार सांगतात. पत्रीचे अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात.

हा पिवळा दगड वाक्प्रचारात शिरला तो पोथ्या नकलणाऱ्यांमुळे. जुना हातकागद आधी खळ लावून वाळवत आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून चकचकीत करत. त्यावरची शाई काजळ आणि डिंकाची. ती कागदात मुरत नाही, वर बसते. म्हणजे चुकलेले अक्षर ओल्या बोटाने पुसायला सोपे, असे वाटेल. पण पुसले की करडा डाग राहतो, शिवाय खळ आणि घोटाई निघून जाते. त्या जागी पुन्हा बोरू टेकवला की शाई फुटते आणि नवे अक्षर जुन्यापेक्षा वाईट दिसते. खरवडले तर कागद विरतो. तेव्हा पुसण्यापेक्षा झाकणे बरे, आणि झाकायला हरताळ उत्तम: दाट, अपारदर्शक, आणि पिवळसर कागदावर फारसा न खटकणारा.

करायची रीत साधी, पण चुकायला जागा पुष्कळ. हरताळ खलात पाण्याबरोबर अगदी बारीक घोटायचा, त्यात डिंकाचे पाणी घालायचे आणि चुकीच्या अक्षरापुरताच जाड थर द्यायचा. वाळला की हलके घोटून त्यावर नवे अक्षर काढायचे. डिंक कमी पडला तर पिवळी भुकटी झडते आणि नकलणाऱ्याने लपवलेली चूक शे-दोनशे वर्षांनी पुन्हा डोके वर काढते. डिंक जास्त झाला तर थर तडकतो आणि वरचे नवे अक्षर घेऊन गळतो. दळण भरड राहिले तर बोरू अडखळतो.

समजा नकलणाऱ्याने ‘धर्म’च्या जागी ‘कर्म’ लिहिले. मग ‘क’वर बोटाच्या पेराहूनही लहान पिवळा ठिपका आणि त्यावर काळा ‘ध’. एकच ओळ दोनदा लिहिली गेली तर अख्ख्या ओळीवर पिवळा पट्टा. ओळ गळली असेल तर मात्र हरताळ काय करणार? तिथे काकपदाची, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी, खूण करून गळलेला मजकूर समासात लिहीत. हरताळ हाताशी नसेल तर रद्द अक्षरांच्या डोक्यावर बारीक उभ्या रेघा देत. म्हणून जुनी पोथी वाचताना अक्षरावर रेघ दिसली की ती मात्रा समजून वाचू नये.

पोथीवरचा प्रत्येक पिवळा डाग हरताळाचा नसतो, हेही सांगायला हवे. पूजेतली हळद कागदाच्या धाग्यांत मुरते आणि पानाच्या मागूनही दिसते. हरताळाला कड असते, तो पृष्ठभागावर बसलेला असतो आणि पान तिरपे धरले की थर उठून दिसतो. घरात अशी पोथी असेल तर डाग घासू नका, जिभेला बोट लावून पाने उलटू नका आणि नंतर हात धुवा. हरताळ विषारी आहे.

संशोधकांना हे डाग फार मोलाचे. डागाखालचा मजकूर दिसला तर नकलणाऱ्याने आधी काय लिहिले होते आणि दुरुस्ती दुसऱ्या कुठल्या प्रतीवरून केली का, याचा माग लागतो.

आता वाक्प्रचाराकडे. ‘फासणे’ हे क्रियापद किती नेमके आहे पाहा. शेंदूर फासतात, राख फासतात, म्हणजे जाडसर आणि वरून. हरताळही तसाच. त्यामुळे ‘हरताळ फासणे’ म्हणजे लिहिलेले, ठरलेले, मान्य झालेले रद्द करून टाकणे. नियम, करार, आश्वासन, ठराव यांच्याशी तो चपखल बसतो. ‘त्याच्या कष्टांवर हरताळ फासला’ हे कानाला चालते, पण तिथे मला ‘बोळा फिरवला’ अधिक योग्य वाटते. बोळा पाटीवरचा: फिरला की खाली काही उरत नाही. हरताळाखाली मूळ अक्षर तसेच असते, फक्त त्याची सत्ता संपलेली असते. मोडलेला नियमही कागदावर तसाच असतो, म्हणून ही प्रतिमा तिथे शोभते.

उरला प्रयोगाचा भाग. बंदचा हरताळ पाळतात, खनिजाचा फासतात. ‘कामगारांनी हरताळ फासला’ असे लिहिले तर वाचणारा विचारेल, कशाला फासला? भाद्रपदातल्या हरतालिकेचाही या खनिजाशी संबंध नाही. व्रतकथेतली फोड ‘आलीं’नी, म्हणजे सख्यांनी, हरण करून नेलेली ती हरितालिका अशी आहे.