‘जाई’, ‘जात असे’ आणि ‘यूज्ड टू’

दापोलीच्या एका पालकांनी विचारले आहे की, मुलीला ‘आमचे गाव : काल आणि आज’ हा निबंध इंग्रजीत लिहायचा असून ‘पूर्वी लोक बोटीने मुंबईस जात’ यासाठी ‘वेअर गोइंग’ लिहावे की ‘यूज्ड टू गो’. दुसरे लिहावे, पहिल्याने एखाद्या वेळी चालू असलेला प्रवास कळतो, मोडलेला रिवाज कळत नाही. मात्र आजची सवय सांगताना ‘आय यूज्ड टू गो डेली’ असे जे सर्रास कानी पडते, त्याचा मला मनस्वी वैताग आहे. ‘यूज्ड टू’च्या जागी ‘वुड’ही चालते, असे गाइडवाले बेधडक छापतात. ते क्रियेला चालते, स्थितीला नाही. ‘बंदरावर वखार होती’ येथे ‘देअर यूज्ड टू बी’च हवे.

खरी मौज ‘जाई’मध्ये आहे. बोट हर्णैसमोर उभी राही, पडाव, म्हणजे होडी, उतारू घेऊन तिच्याकडे जाई. ही रूपे शाळेत रीतिभूतकाळाची म्हणून शिकवतात, आणि ती जन्मापासून भूतकाळाचीच असे मानणारे पंडितही भेटतात. त्यांनी संस्कृत ‘याति’, प्राकृत ‘जाइ’, मराठी ‘जाई’ ही वाट एकदा चालून पाहावी. हा मुळात निखळ वर्तमानकाळ आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत तो अजून जिवंत आहे, कारण देव पूर्वी तारत असे आणि हल्ली तारत नाही, असा तिचा अर्थ कोणीच घेत नाही. पुढे ‘जातो’ने वर्तमानकाळ बळकावला आणि ‘जाई’ला गतकाळाच्या पडवीत जाऊन बसावे लागले.

इंग्रजीतही जवळपास हेच घडले. ‘ही यूजेस टू गो’ म्हणजे ‘तो नेहमी जातो’ असे एके काळी म्हणत. त्यातले वर्तमानकाळाचे रूप झडले, ‘यूज्ड’ तेवढे उरले. माझा तर्क असा की, चालू असलेला रिवाज कोणी मुद्दाम सांगत नाही, तो मोडला की सांगावासा वाटतो. बोटी चालू असताना ‘आम्ही बोटीने जातो’ हे कोण कोणाला सांगणार? त्या बंद पडल्या, रस्ते झाले, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मग घरोघरी ‘आम्ही बोटीने जात असू’ सुरू झाले.

मुलीचे आणखी एक वाक्य पत्रात आहे : ‘पूर्वी बोट लागत असे’. ती बंदराला लागत असे की आजीला, हे इंग्रजी करण्यापूर्वी आजीलाच विचारून घ्यावे.