'अनलॉक' म्हणून घेतलेला आयफोन लॉक निघाला. पैसे परत मिळतील का?

प्रश्न: मी मिरजेची. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीसाठी पुण्यातल्या एका दुकानातून वापरलेला आयफोन १३ घेतला, ३८,००० रुपयांना. फोन अमेरिकेतून आलेला आहे. 'फुल्ली अनलॉक, कुठलंही सिम चालेल' असं दुकानदारानं व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. पैसे यूपीआयनं दिले, बिल मिळालं नाही. दोन महिन्यांनी अपडेट केल्यावर नेटवर्क गेलं. इथल्या दुरुस्तीवाल्यानं सिमखाली बसवलेली एक पातळ चिप काढून दाखवली. दुकानदार आता म्हणतो, 'चार हजार द्या, सॉफ्टवेअरनं कायमचा अनलॉक करतो. विकलेला माल परत घेत नाही.' काय करू? असा फोन वापरला म्हणून मुलीवर काही बालंट येईल का?

उत्तर: ताई, आधी मुलीची काळजी सोडा. लॉक असलेला फोन बाळगणं किंवा वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. आणि ते चार हजार अजिबात देऊ नका.

अमेरिकेत बरेच फोन मोबाइल कंपनीमार्फत हप्त्यांवर विकले जातात. हप्ते फिटेपर्यंत फोन दुसऱ्या कंपनीचं सिम स्वीकारत नाही. हे कुलूप उघडण्याचा सरळ मार्ग त्या कंपनीकडूनच जातो: हप्ते फिटलेले असावेत, फोन चोरीचा म्हणून नोंदलेला नसावा, की कंपनी तिच्याकडून लॉक काढते. ग्राहकाला लॉक काढून घेता यावं म्हणून २०१४ साली तिथं वेगळा कायदाही झाला. भारतात ही पद्धत फारशी रुजली नाही. रिलायन्स आणि टाटाचे सीडीएमए फोन, पुढे जिओफोन, असे अपवाद सोडले तर आपण फोन एकीकडून आणि सिम दुसरीकडून घेत आलो. म्हणूनच असा प्रश्न विचारायचं आपल्या मनातही येत नाही, आणि त्याचाच फायदा हे विक्रेते घेतात.

तुमच्या फोनमधली चिप सिम आणि फोन यांच्या मध्ये बसून फोनला फसवत होती. लॉक उघडलेलं नव्हतंच. अपडेट आलं आणि फसवणूक चालेनाशी झाली. सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेलात की खाली 'कॅरिअर लॉक' अशी ओळ दिसेल. तिथं 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' नसेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा.

आता मुख्य मुद्दा. दुकानदार उद्या म्हणेल, 'ताई, सेटिंग्जमध्ये बघून घ्यायचं होतं.' हा बचाव हवेतला नाही. करार कायदा, १८७२च्या कलम १९मध्ये तशी तरतूद आहे: नुसत्या चुकीच्या माहितीमुळे करार झाला असेल आणि साधी काळजी घेऊन खरं कळण्यासारखं असेल, तर करार रद्द करता येत नाही. पण ती चिप तुमच्या बाजूनं बोलते. ज्यानं ती बसवली किंवा बसवलेली माहीत असून फोन विकला, त्याला लॉक आहे हे ठाऊक होतं आणि त्यानं ते झाकलं. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं म्हणजे कलम १७नुसार कपट. कपटापुढे हा बचाव उभा राहत नाही. म्हणून ती चिप फेकू नका. पाकिटात घालून ठेवा आणि ती काढणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडून तारखेसह दोन ओळी लिहून, सही घेऊन ठेवा. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला हा सर्वात मोलाचा कागद ठरेल.

शिवाय वस्तू विक्री कायदा, १९३०च्या कलम १५नुसार माल वर्णनाप्रमाणेच असावा लागतो. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खोटं वर्णन करून विकणं आणि बिल न देणं, या दोन्हींना अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. वापरलेली वस्तू दुकानातून घेतली तरी तुम्ही ग्राहकच. 'माल परत घेत नाही' या वाक्यानं खोटं बोललेल्या विक्रेत्याची सुटका होत नाही.

फोनचा वापर मात्र थांबवा. लबाडी कळल्यावरही फोन वापरत राहिलात तर 'यांनी व्यवहार मान्य केला' असं म्हणायला त्याला वाव मिळतो. मग रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस द्या: फोन परत घ्या आणि पंधरा दिवसांत ३८,००० रुपये परत करा. तीच व्हॉट्सअॅपवरही पाठवा. जुन्या चॅटमधला एकही संदेश पुसू नका, ते चॅट ज्या फोनमध्ये आहे तो बदलू नका. पुरावा म्हणून चॅटची छापील प्रत द्याल तेव्हा तिच्याबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल.

पैसे आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेचदा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. दुकान पुण्यात असलं तरी नव्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. रकमेबरोबर मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीची फिर्यादही देता येते, पण पैसे हवे असतील तर आधी आयोगाची वाट धरा.

त्या चार हजारांच्या 'सॉफ्टवेअर'बद्दल एक धोका लक्षात घ्या. लॉक काढतो म्हणून कुणी फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बदलला, तर तो मात्र गंभीर गुन्हा आहे. दूरसंचार कायदा, २०२३नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी *#०६# दाबून येणारा आयएमईआय लिहून ठेवा आणि 'केवायएम' (इंग्रजी अक्षरांत), मध्ये जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ला पाठवा. उत्तरात फोन काळ्या यादीत असल्याचं दिसलं, तर नोटिशीत तेही घाला.

आणि दुकानदार पैसे द्यायला तयार झालाच, तर रक्कम खात्यात जमा झाल्यावरच फोन द्या. फोन हातात देण्याआधी मुलीचं ॲपल खातं त्यातून काढा, सगळा मजकूर पुसा, आणि आयएमईआय लिहिलेली पोच त्याच्याकडून घ्या.