धर्मशास्त्राचा अभ्यास, पण इतिहासाच्या वाटेने

प्रश्न : माझी मुलगी इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोटेस्टंट धर्मविचार आणि वर्णभेद यांच्या संबंधावर तिला संशोधन करायचे आहे. हे पाद्री होण्याचे शिक्षण आहे का? यातून पोटापाण्याची सोय होईल का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. पाद्री होण्याचे शिक्षण वेगळे. आपल्या मुलीचा विषय इतिहासाचा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. १८५७ साली दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या, म्हणजे तेथील डच वसाहतवाल्यांच्या प्रोटेस्टंट पंथाच्या, धर्मसभेने ठराव केला, की नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांना गोऱ्यांच्याच मंडळीत सामावून घेणे इष्ट व शास्त्रसंमत आहे. मात्र ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ जेथे ते जमत नसेल, तेथे त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. दुर्बलता गोऱ्यांची, आणि बाहेर बसायचे दुसऱ्यांनी! १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी चर्चच वेगळे झाले, पुढे सरकारच्या वर्णविभाजनाला धर्मशास्त्राचा आधार पुरवला गेला, आणि १९८२ मध्ये त्याच वेगळ्या काढलेल्या चर्चने केपटाउनजवळच्या बेल्हार येथे या समर्थनाला पाखंड ठरवले.

मात्र दक्षिण आफ्रिकेवरील अभ्यासासाठी डच भाषा शिकावी लागेल. म्हणून सुरुवात घराजवळून करावी, असे मी सुचवेन. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. त्यानंतर तीनच वर्षांनी तिकडे अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे दक्षिणेतील लोक वेगळे झाले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. गुलामगिरीच्या बाजूने आणि विरुद्ध एकाच बायबलातली वचने काढणाऱ्या त्या देशातील मिशनऱ्यांनी इथल्या जातीविषयी काय लिहिले, हा एम.ए.च्या प्रबंधिकेला पुरून उरेल असा प्रश्न आहे.

नोकरीबाबत आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि भरती रेंगाळते. तिने इतिहासात एम.ए. करताना दुसऱ्या वर्षापासूनच नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची तयारी धरावी. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.चा खर्च घरावर पडत नाही. जोडीला भाषांतर आणि अभिलेखागारातील कामाची सवय ठेवावी, म्हणजे प्रकाशनसंस्था आणि संग्रहालये यांची दारेही उघडी राहतात.

या सुट्टीत तिला फुल्यांची ती अर्पणपत्रिका आणि १८५७ चा ठराव शेजारी ठेवून वाचायला सांगा, आणि दोन पानांचे टिपण लिहून मला पाठवू द्या. विषयाची हद्द कोठे आखायची, ते त्यावरून ठरवू.