‘नेटवर्क’मध्ये न दिसणारा वजनकाट्याचा संगणक

प्रश्न : लातूरच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. कार्यालयातील तीन संगणकांवर विंडोज ११ असून वजनकाट्यावरील संगणकावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. पूर्वी सगळे एकाच स्विचला जोडलेले होते आणि काट्यावरील ‘वजन’ हे सांबाद्वारे (लिनक्सवरील फोल्डर विंडोजला उघडू देणारे सॉफ्टवेअर) शेअर केलेले फोल्डर कार्यालयात दिसत असे. तुरीच्या हंगामाआधी राउटर बसवून कार्यालय १९२.१६८.१ आणि काटा १९२.१६८.२ अशा दोन जाळ्यांत विभागले. तेव्हापासून काट्याचा संगणक दिसतच नाही, मात्र कार्यालयातून केलेल्या पिंगला (दुसरा संगणक पोहोचण्याजोगा आहे का, हे पाहणारी हाक) उत्तर येते. तंत्रज्ञ ‘एसएमबी १’ (फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत) सुरू करायला सांगतात. करावे काय?

उत्तर : करू नये. पिंगला उत्तर येते, म्हणजे रस्ता जातानाही आणि येतानाही मोकळा आहे. बिघाड आहे तो बहुधा केवळ यादीत. ‘नेटवर्क’ या खिडकीतील नावे कोणत्याही मध्यवर्ती नोंदवहीतून येत नाहीत. संगणक आपापल्या जाळ्यात ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना उद्देशून) हाका मारतात आणि ज्यांचे उत्तर येते त्यांची यादी होते. दवंडी गावाच्या वेशीपर्यंतच ऐकू यावी, तशा या हाका राउटरपाशी थांबतात. ते राउटरचे कामच आहे. प्रत्यक्ष फाइल मात्र टीसीपी या थेट जोडणीच्या पद्धतीने, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या दारावरून) जाते, आणि ती वाहतूक राउटर एरवी अडवत नाही.

म्हणून कार्यालयातील संगणकाच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये \\१९२.१६८.२.१०\वजन असे लिहून पाहावे (१०च्या जागी काट्याचा खरा आकडा घ्यावा). फोल्डर उघडले तर प्रश्न बहुतांशी सुटला. राउटरमध्ये काट्याचा पत्ता कायमचा राखून ठेवावा आणि नावानेच उघडायचे असेल, तर तिन्ही विंडोज संगणकांच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये (नावे व पत्ते यांची संगणकातील यादी) पत्ता व नाव यांची एक ओळ घालावी. यादीत मात्र तो त्यानंतरही दिसणार नाही, त्याचा नाद सोडावा. त्याऐवजी फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर देऊन ठेवले की मुनीमजींची सोय होते.

पत्त्यानेही उघडत नसेल, तर उबुंटूवरील सांबाच्या मांडणीत ‘होस्ट्स अलाऊ’ ही ओळ आहे का ते पाहावे. तिथे पूर्वीच्या एकाच जाळ्याचा पत्ता राहून गेला असेल, तर दुसऱ्या जाळ्यातून आलेल्याला सांबा दारातूनच परत पाठवतो. उबुंटूचे फायरवॉल चालू असल्यास ४४५ मोकळे करावे. नाव व पासवर्ड विचारून नकार येत असेल, तर सांबामध्ये वापरकर्ता तयार करून त्याचा पासवर्ड द्यावा, कारण अलीकडच्या विंडोजमध्ये बिनपासवर्डचा पाहुणा चालत नाही.

काट्यावरून कार्यालयाचे फोल्डर उघडायचे असेल, तर मात्र अडचण विंडोजच्या बाजूची असते, आणि इथेच अनेक जण फसतात. ‘प्रायव्हेट’ प्रोफाइलमध्ये (खात्रीच्या जाळ्यासाठीच्या मांडणीत) विंडोज फायरवॉलचा फाइल शेअरिंगचा नियम मूळ मांडणीत फक्त ‘लोकल सबनेट’पुरता, म्हणजे स्वतःच्याच जाळ्यापुरता असतो. आलेल्या पिंगचा नियमही तसाच असल्याने काट्यावरून पिंग केले तरी उत्तर येत नाही, आणि माणूस वायर व राउटर तपासत बसतो. त्या नियमांच्या ‘स्कोप’मध्ये (व्याप्तीत) १९२.१६८.२.०/२४, म्हणजे काट्याचे संपूर्ण जाळे, जोडावे, फायरवॉल सरसकट बंद करू नये.

राहिला एसएमबी १. हा जुना प्रोटोकॉल विंडोज १०च्या २०१७मधील १७०९ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर मुळात बसवलाच जात नाही, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्यातील त्रुटीतूनच जगभर पसरले होते. आपले उबुंटू त्याच्याशिवाय बोलू शकते. शिवाय तो सुरू करूनही हाका राउटर ओलांडणार नाहीत.